मनूसाठी कानमंत्र: डिव्हाइसची कॉन्फिग आणताना आणि गाळताना

मनू, शाखांमधले सगळे स्विच, राउटर आणि फायरवॉल तुझ्याकडे आले आणि रोज रात्री त्यांची कॉन्फिग आपोआप आणून ठेवायचं कामही तुझ्याच गळ्यात पडलं, हे ताईकडून कळलं. छान झालं. या कामाचं कौतुक कुणी करत नाही, पण एखादा स्विच जळाला की सगळे आधी तुझ्याच फोल्डरकडे धावतील. स्क्रिप्ट लिहायला तुला कुणी शिकवायला नको, लहानपणापासून नवीन खेळणं उघडून बघायची खोड आहेच तुला. मी सांगतेय ते स्क्रिप्टच्या आजूबाजूचं. रोज सकाळी तुला दोनच गोष्टी दिसायला हव्यात: काय बदललं, आणि कोण आलंच नाही. बाकी सगळी खटपट त्या दोन गोष्टींसाठी.

आधी यादी

१. डिव्हाइसची यादी पक्की कर, मगच स्क्रिप्टला हात लाव — यादीत नसलेल्या स्विचचा बॅकअप नसतो आणि त्याची आठवण तो बंद पडल्यावरच येते. यादीत नाही, तो वाऱ्यावर.

२. यादी एकाच जागी असू दे. तुमच्याकडे नेटबॉक्स असेल तर स्क्रिप्टने तिथूनच नावं घ्यावीत — दोन याद्या झाल्या की महिन्याभरात दोन्ही चुकतात.

३. नाव, आयपी आणि मॉडेलच्या शेजारी तिथल्या माणसाचं नाव आणि फोनही लिही — रात्री डिव्हाइस बोललं नाही तर सकाळी कुणाला उठवायचं, ते शोधण्यात तास जायला नको.

४. सगळं स्वतःच लिहायचा हट्ट धरू नकोस. रॅन्सिड नव्वदच्या दशकापासून हेच काम करतंय, ऑक्सिडाइज्ड त्याच वाटेने पुढे गेलंय, आणि पायथनमध्येच करायचं तर नेटमिको आहे — सिस्को, जुनिपर, ह्वावे, अरिस्टा यांचे रुसवेफुगवे त्यांनी आधीच सोसलेत.

५. पहिला प्रयोग बिनमहत्त्वाच्या एका ॲक्सेस स्विचवर, मग पाचांवर, मग एका शाखेवर — कोअर राउटरवर प्रयोग करणाऱ्याला धाडसी म्हणत नाहीत.

दारातून आत जाताना

६. बॅकअपसाठी वेगळं खातं मागून घे, स्वतःचं वापरू नकोस — तू पासवर्ड बदललास की रात्रीची फेरी थांबते, आणि लॉगमध्ये माणूस कोण आणि स्क्रिप्ट कोण ते ओळखता येत नाही.

७. त्या खात्याला फक्त पाहण्याच्या कमांड चालू दे. पण हे करताना एक जागा नीट बघ: सिस्कोच्या आयओएसवर खालच्या प्रिव्हिलेजचं खातं ‘शो रनिंग-कॉन्फिग’ मारतं तेव्हा त्याला फक्त त्याच्या अधिकारातल्या ओळी दिसतात. फाइल येते, छान दिसते आणि अर्धी असते. म्हणून लेव्हल पंधराच ठेव आणि कोणती कमांड चालेल ते टॅकॅक्सवर आवळ — डिव्हाइस सगळं दाखवेल आणि बदलू काहीच देणार नाही.

८. आणणाऱ्या स्क्रिप्टला लिहायचा हक्क कधीच देऊ नकोस, ‘एवढी एकच ओळ टाकायचीय’ असं कुणी कितीही गोड बोललं तरी — आणायला गेलीस तर आणूनच ये.

९. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नकोस, व्हॉल्टमधून घे — स्क्रिप्ट मेलवरून फिरते, गिटमध्ये जाते, नवीन मुलाच्या लॅपटॉपवर जाते, आणि पासवर्ड तिच्याबरोबर गावभर होतो.

१०. टेलनेट अजून कुठे उघडं असेल तर आधी ते बंद करायच्या मागे लाग — रोज रात्री ठरलेल्या वेळी उघडा पासवर्ड वायरवरून जातोय, हे ऐकणाऱ्याला पाठ व्हायला वेळ लागत नाही.

११. एसएसएचची होस्ट की तपासायचं बंद करू नकोस, सगळी उदाहरणं तसं करत असली तरी — तुझी स्क्रिप्ट समोर जो कोणी ‘मी राउटर’ म्हणेल त्याच्या हातात पासवर्ड ठेवते. की बदललेली दिसली तर आधी फोन, मग लॉगिन.

१२. जुने स्विच लॉगिनच घेत नाहीत म्हणून रडकुंडीला येऊ नकोस. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये जुन्या डीएसए की आणि २०२१ मध्ये शा-१ वरच्या आरएसए सह्या आपणहून बंद केल्या. त्या जुन्या पद्धती त्या एका डिव्हाइसपुरत्याच चालू कर — एका म्हाताऱ्या स्विचसाठी सगळ्यांची कडी काढू नये.

१३. काम झालं की नीट लॉगआउट कर आणि एका डिव्हाइसवर एका वेळी एकच सेशन उघड — बऱ्याच सिस्को डिव्हाइसवर व्हीटीवाय लाइन शून्य ते चार, म्हणजे पाचच असतात. अडकलेल्या स्क्रिप्टने त्या अडवल्या की खरं संकट आल्यावर माणसालाच आत जाता येत नाही.

आणताना

१४. आत गेल्यावर पहिली कमांड पान थांबवणं बंद करायची: आयओएसवर ‘टर्मिनल लेंग्थ झिरो’, एएसएवर ‘टर्मिनल पेजर झिरो’, जुनिपरवर ‘सेट सीएलआय स्क्रीन-लेंग्थ झिरो’, ह्वावेवर ‘स्क्रीन-लेंग्थ झिरो टेम्पररी’ — नाहीतर दर चोवीस ओळींनी ‘मोर’ येतं, स्क्रिप्ट तिथेच बसून राहते, किंवा फाइलभर ‘मोर’ आणि बॅकस्पेसची अक्षरं सांडतात.

१५. ‘पाच सेकंद थांब आणि वाच’ असं लिहू नकोस, प्रॉम्प्ट येईपर्यंत वाच — मोठ्या चासिसवर ‘बिल्डिंग कॉन्फिगरेशन’ ही ओळच बराच वेळ तशीच बसून असते. नेटमिकोत वाचायची मुदत मुळात दहा सेकंदांची असते, मोठ्या डिव्हाइससाठी ती वाढव.

१६. प्रॉम्प्ट म्हणजे ‘हॅश दिसला की झालं’ असं मानू नकोस — बॅनर बघितलायस ना? वर हॅशची रांग, खाली हॅशची रांग, मध्ये ‘अनधिकृत प्रवेश निषिद्ध’.

हे सोळावं जरा नीट बघ, कारण इथे भल्याभल्यांच्या स्क्रिप्ट घसरतात. लॉगिन होतं, बॅनर येऊ लागतो, पहिला हॅश दिसतो आणि स्क्रिप्टला वाटतं पोचलो. ती पान थांबवायची कमांड पाठवते, पण डिव्हाइस अजून बॅनरच छापतंय. मग दुसऱ्या हॅशला ती ‘शो रन’ पाठवते. आता उत्तरं एकेक पाऊल मागे पडतात: पहिल्या कमांडचं उत्तर दुसरीच्या नावावर, दुसरीचं तिसरीच्या. फाइल रिकामी नसते, म्हणून कुणी दचकत नाही. इलाज सोपा आहे. लॉगिन झाल्यावर एक रिकामं एंटर मार, येणारी शेवटची ओळ वाच, त्यातलं होस्टनेम धर, आणि पुढे ते होस्टनेम ओळीच्या सुरुवातीला आणि हॅश ओळीच्या शेवटी असेल तरच प्रॉम्प्ट समज. डिस्क्रिप्शनमध्ये कुणी हॅश लिहिलेला असतो, त्यालाही मग स्क्रिप्ट फसत नाही.

१७. फाइल पूर्ण आली का ते तिच्या शेपटावरून ओळख: आयओएसची कॉन्फिग ‘एंड’ या ओळीवर संपते — एंड नाही तर ठेवू नकोस, पुन्हा आण.

१८. कालच्यापेक्षा आजची फाइल एकदम अर्ध्यावर आली तर जुनीवर लिहू नकोस, बाजूला ठेव आणि ओरड — लाइन मध्येच तुटलेली असते, आणि काल चांगली होती तीही आज जाते.

१९. ‘इनव्हॅलिड इनपुट डिटेक्टेड’ असं काही फाइलमध्ये आहे का ते शोध — चुकीच्या कमांडची तक्रारसुद्धा मजकूरच असतो, आणि स्क्रिप्ट ती तितक्याच प्रेमाने जपून ठेवते.

२०. फाइलमधलं होस्टनेम यादीतल्या नावाशी जुळव — आयपी दुसऱ्या डिव्हाइसला दिला गेला असेल तर नाशिकच्या नावाखाली कोल्हापूरची कॉन्फिग साठत राहते.

२१. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिही, तपास, मग नाव बदलून जागेवर ठेव — डिस्क भरली तर नवीन फाइल जाते, जुनी वाचते.

२२. रनिंगबरोबर स्टार्टअपही आण आणि दोन्हींची तुलना कर — शाखेत वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं, आणि ‘काल तर चालत होतं’ हे तुला ऐकावं लागतं.

२३. व्हीटीपी सर्व्हर मोडमधल्या स्विचचे व्हीलॅन रनिंग कॉन्फिगमध्ये नसतात, ते फ्लॅशवरच्या व्हीलॅन-डॅट फाइलमध्ये असतात. म्हणून ‘शो व्हीलॅन’सुद्धा आण — नवीन स्विचवर कॉन्फिग चढवली तरी व्हीलॅन आपोआप येत नाहीत.

२४. ‘शो इन्व्हेंटरी’ आण — बदली डिव्हाइस मागताना सिरियल नंबर विचारतात, आणि तेव्हा ते डिव्हाइस बंद पडलेलं असतं.

गाळताना

मनू, तुझी खरी परीक्षा इथे आहे. आणणं एकदा जमलं की जमलं. पण रोज सकाळी शंभर डिव्हाइसचे फरक मेलवर आले आणि त्यातले नव्वद फालतू असले, तर आठव्या दिवशी तू तो मेल उघडणार नाहीस. आणि नवव्या दिवशी कुणीतरी एसीएलमधली ओळ काढलेली असेल.

२५. आपोआप बदलणाऱ्या ओळी काढून टाक: आयओएसचं ‘लास्ट कॉन्फिगरेशन चेंज’, ‘करंट कॉन्फिगरेशन’ आणि बाइटचा आकडा, जुन्या डिव्हाइसवरचं ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’, जुनिपरचं ‘लास्ट कमिट’, मायक्रोटिकच्या एक्सपोर्टची तारखेची पहिली ओळ — माणसाने काहीच केलं नाही तर फरक शून्य दिसला पाहिजे.

२६. पण काढण्याआधी त्यातला ‘कुणी आणि कधी’ वेगळा टिपून ठेव — फरक दिसल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

२७. पॅटर्न ओळीच्या सुरुवातीपासून पूर्ण लिही. ‘क्लॉक’ असलेली ओळ काढ म्हटलंस तर एनटीपीचा गोंगाट जाईल, पण ‘क्लॉक टाइमझोन’ही जाईल — आळशी पॅटर्न कामाचं खातो आणि ढेकरही देत नाही.

२८. नीटनेटकं दिसावं म्हणून एसीएलच्या ओळी वर्णक्रमाने लावू नकोस — एसीएल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ आधी जुळेल ती लागू होते. क्रम बदलला तर अर्थ बदलतो, आणि तोच बदल तुझ्या फाइलमध्ये दिसणार नाही.

२९. फोर्टिगेटवर ‘ईएनसी’ने सुरू होणारे पासवर्ड दर वेळी वेगळे छापून येतात. तेवढा भाग झाक — नाहीतर रोज सकाळी वाटेल की फायरवॉलचे सगळे पासवर्ड कुणीतरी बदलले.

३०. सिस्कोचा टाइप सात पासवर्ड कुलूप समजू नकोस, ते क्षणात उलटं फिरवता येतं. टाइप आठ आणि नऊ पुष्कळ मजबूत — पण बघणाऱ्याला हॅशसुद्धा कशाला दाखवायचा?

३१. झाकायच्या गोष्टींची यादी करून भिंतीवर लाव: एसएनएमपी कम्युनिटी, टॅकॅक्स आणि रेडियसची की, आयपीसेकची प्री-शेअर्ड की, बीजीपी नेबरचा पासवर्ड, वायफायचा पासवर्ड, स्थानिक खाती — दर वेळी एक तरी राहतेच, आणि राहिलेलीच बाहेर पडते.

३२. गुपित असलेली अख्खी ओळ उडवू नकोस, फक्त गुपिताच्या जागी खूण ठेव. खूण त्या गुपितापासून स्वतःच्या चावीने काढलेली एचमॅक असेल तर उत्तम — पासवर्ड दिसत नाही, पण बदलला हे दिसतं.

३३. गाळलेली फाइल बघायला, मूळ फाइल उभं करायला. मूळ फाइल एन्क्रिप्ट करून वेगळ्या जागी, मोजक्या माणसांच्या हातात ठेव — तारांकित पासवर्डवर टनेल उभा राहत नाही. एएसए तर ‘शो रन’मध्ये प्री-शेअर्ड की आपणहूनच तारका करून दाखवतं, खरी हवी तर ‘मोर सिस्टम रनिंग-कॉन्फिग’ मारावं लागतं.

३४. गुपित एकदा गिटमध्ये गेलं तर ओळ पुसून सुटका नाही, जुन्या कमिटमध्ये ते तसंच असतं — मग इतिहास साफ कर, आणि त्याआधी तो पासवर्डच बदल.

३५. बाहेर मदत मागायला कॉन्फिग पाठवायची असेल तर गाळलेलीच पाठव, आणि पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी वाच — घाईत उघडलेली फाइल नेहमी मूळच असते.

३६. फाइलमधून एखादी गोष्ट शोधताना सुट्या ओळी वाचू नकोस, घर धरून वाच — ‘शटडाउन’ ही ओळ कुठल्या इंटरफेसच्या पोटात आहे यावर सगळं आहे. सिस्को-कॉन्फ-पार्स हे पायथनचं साधन ती नाती सांभाळतं. ‘शो’ कमांडच्या तक्त्यांसाठी गूगलच्या इंजिनिअरांनी काढलेलं टेक्स्टएफएसएम वापर.

३७. जे असायलाच हवं ते आहे का, हेही रोज तपास: लॉगिंग होस्ट, एनटीपी, व्हीटीवायवरची एसीएल — डिव्हाइस बसवतानाच राहून गेलेली ओळ कुठल्याच फरकात दिसत नाही.

ठेवताना आणि बघताना

३८. गिटमध्ये बदल असेल तरच कमिट कर, आणि डिव्हाइसगणिक वेगळा — ‘रात्रीचा बॅकअप’ नावाचे तीनशे कमिट चाळून कुणाला काही सापडत नाही.

३९. सकाळच्या मेलची पहिली ओळ आकड्यांची: किती यायला हवे होते, किती आले, किती बदलले — न आलेली फाइल हाक मारत नाही.

४०. मेल आलाच नाही तर तेही कळलं पाहिजे; दुसऱ्या मशीनवरून त्या फेरीवर नजर ठेव — बॅकअपचा सर्व्हर बंद पडला तर तो तुला ते कसं सांगणार?

४१. क्रॉनमध्ये पूर्ण पाथ लिही आणि एफलॉक लाव — कालची फेरी संपली नसताना आजची सुरू झाली की दोघी एकमेकींच्या फाइलवर चढतात.

४२. रात्रीवरच अवलंबून राहू नकोस. आयओएसवर कुणी कॉन्फिग मोडमधून बाहेर पडलं की सिसलॉगला ‘सिस-५-कॉन्फिग-आय’ येतो, त्यात खातं आणि बऱ्याचदा आयपीही असतो. तो आला की त्या डिव्हाइसची फाइल लगेच आण — दुपारी केलेला आणि संध्याकाळी गुपचूप परत घेतलेला बदलही मग दिसतो.

४३. सगळ्या डिव्हाइसची घड्याळं एनटीपीवर ठेव. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे एनआयसी किंवा एनपीएलच्या घड्याळाशी जुळलेली वेळ आणि १८० दिवसांचे लॉग ठेवणं आपल्याकडे बंधनकारकच आहे — आणि वेळ जुळली नाही तर फरक आणि लॉग यांची गाठ पडत नाही.

४४. एक प्रत अशा जागी ठेव जिथे पोचायला तुमचं नेटवर्क लागत नाही — ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये देखभालीच्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळं तुटलं, आणि दुरुस्तीची त्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्याच्या पलीकडे राहिली. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या राउटरवरून मार्गांचा एक फिल्टर निघाला, कोअर राउटर भरून वाहिले, आणि इंजिनिअरांना आपल्याच डिव्हाइसपर्यंत जाता येईना.

रॉजर्सचा तो बदल म्हणजे एक फिल्टर काढणं, बस. फरकाच्या मेलमध्ये असा बदल वजाच्या मोजक्या ओळी होऊन येतो. म्हणून सकाळी डिफ बघताना लांबी बघू नकोस. राउट-मॅप, प्रीफिक्स-लिस्ट, एसीएल आणि बीजीपी यांच्या वजाच्या ओळी मेलमध्ये सगळ्यात वर आण, डिस्क्रिप्शनचे बदल खाली ढकल. हे लावायला एक दुपार पुरते.

४५. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून डिव्हाइस खरंच उभं करून बघ, सुट्या स्विचवर किंवा ईव्ह-एनजीमध्ये — फाइल असणं आणि ती चालणं यात बरंच अंतर आहे. पेस्ट केल्यावर सिस्को राउटरचे पोर्ट बंदच राहतील: ते मुळात शटडाउन असतात आणि ‘नो शटडाउन’ ही ओळ रनिंग कॉन्फिगमध्ये दिसतच नाही. एसएसएचची कीसुद्धा त्या फाइलमध्ये नसते, ती नव्याने तयार करावी लागते. हे सगळं एका कागदावर लिहून फाइलशेजारीच ठेव.

४६. फर्मवेअर अपग्रेड झालं की त्याच दिवशी त्या डिव्हाइसची फेरी हाताने चालव — नवीन आवृत्ती एखादी ओळ वेगळी छापते, आणि तुझा गाळायचा पॅटर्न तिथे चुकतो.

४७. सुट्टीवर जाण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी त्याच्याच हाताने एक फाइल आणायला आणि एक डिव्हाइस उभं करायला लाव. तू शेजारी बस, पण कीबोर्डला हात लावू नकोस — तुला पाठ असलेली पायरी कागदावर राहून गेलीय, हे तेव्हाच कळतं.

यादीचं काम या आठवड्यात कर. तुमच्या त्या जुन्या कोअर स्विचचा बॅनर मला पाठव, प्रॉम्प्टचा पॅटर्न आपण मिळून लिहू. रात्री अकरापर्यंत मी जागी असते.